दूध न विकणारी बाई

गेल्या रविवारी फोनवर थोरलीने सांगितलं, तिला नोकरी लागली. पूर, दुष्काळ, वाढता समुद्र यांमुळे ज्यांची गावं सुटली, अशा कुटुंबांना छोट्या धंद्यासाठी अनुदान द्यायचं आणि ती पुन्हा उभी राहतात का ते बघायचं, असं ते काम. मागून तुमच्या बाबांचा आवाज आला, "अगं, आजीने हे जयपूरला कधीच केलंय. तिलाच विचार." मग थोरली म्हणाली, "आजी, सगळं लिहून पाठव ना. मराठीतच लिही, मी हळूहळू वाचीन. धाकट्यालाही वाचून दाखवीन."

म्हणून लिहिते आहे. पण बाबांना जे ठाऊक आहे ते लिहिणार नाही. बाबा तेव्हा परदेशात होते. मी त्यांना पत्रातून एक फोटो पाठवला होता, तेवढंच त्यांना ठाऊक. फोटोत एक हसरी बाई चार शेळ्यांबरोबर उभी आहे. मी लिहिणार आहे ती बाई त्या फोटोत नाही.

तुमचे आजोबा विमा कंपनीत होते. बदली होऊन आम्ही जयपूरला आलो, आणि निवृत्तीनंतर वैशाली नगरात घर बांधून तिथेच राहिलो. शहरात मराठी घरं थोडी. कुणी बँकेतलं, कुणी केंद्र सरकारच्या कचेरीतलं, काही लष्करातली. बायकांचं एक मंडळ होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू, गणपती, दिवाळीचा फराळ, इतकंच त्याचं काम. मी बरीच वर्षं त्याची चिटणीस होते. माझं इंग्रजी चांगलं, अक्षर चांगलं, आणि माझ्या फायलीतला कागद कधी हरवत नाही. हे मी अभिमानाने सांगायची. आता नुसतंच सांगते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं राजस्थानला वाईट गेली. पाऊस एकदा चुकला, मग पुन्हा चुकला, मग चुकायचंच त्याने ठरवलं. तिकडे दुष्काळाला काळ म्हणतात, धान्य गेलं तर एक काळ, चारा गेला तर दुसरा, पाणी गेलं तर तिसरा. तिन्ही एकदम गेले तर तो त्रिकाळ. तुम्ही ज्याला क्लायमेट म्हणता तो शब्द आमच्या तोंडी तेव्हा नव्हता. आम्ही म्हणत असू, यंदाही पाऊस नाही. आणि नळाला एक वेळ पाणी आलं की कुरकुरत असू.

आमच्या वसाहतीच्या पश्चिमेला, जिथे प्लॉट पाडले होते पण घरं उठली नव्हती, तिथे त्या हिवाळ्यात पालं पडली. ती माणसं जोधपूरच्याही पलीकडून आली होती. मेंढपाळ. मेंढ्या घेऊन दर वर्षी मुलूख फिरायचे आणि पाऊस पडला की घरी परतायचे, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या वर्षी ती पहिल्यांदाच मेंढ्यांशिवाय आली होती. मेंढ्या वाटेत मेल्या होत्या, थोड्या गावात, थोड्या रस्त्याला. आता त्यांचे पुरुष बांधकामावर ओझी वाहात होते आणि बायका भंगार वेचत होत्या.

त्याच सुमारास मंडळातल्या एकीच्या भावाने अमेरिकेतून पैसे जमवून पाठवले. अट एकच, की पैसे वाटायचे नाहीत, दुष्काळाने उठलेल्या बायकांना धंदा उभा करून द्यायचा, आणि त्याला अहवाल पाठवायचा. फोटोंसह. आमच्या अध्यक्षाबाई बँकेतल्या मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी. मालवीय नगरातल्या त्यांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. त्या म्हणाल्या, "हे दान नाही हं बायांनो. दान करून आपण लोकांना आळशी करतो. हा उद्योग आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

अर्जाचा नमुना मी तयार केला. अकरा रकाने होते. तुमच्या आजोबांकडून विम्याचे जुने करारनामे मागून घेतले आणि त्यांतल्या कलमांवरून आमची कलमं बेतली. त्यातलं शेवटचं कलम असं होतं, की दिलेल्या साधनातून अर्जात नमूद केलेल्या मार्गाने सहा महिन्यांत उत्पन्न सुरू झालं नाही, तर मंडळ ते साधन परत घेऊन दुसऱ्या गरजू बाईला देईल. आजोबांनी वाचून म्हटलं, "पक्कं आहे. यातून कुणी निसटणार नाही." मला ती शाबासकी वाटली.

ती बाई मला पालांपाशी भेटली. माझ्याहून चार-सहा वर्षांनी लहान असेल, पण दिसायला मोठी. विधवा. एक मुलगा, एक सून, दोन नातवंडं. मुलगा कुठल्याशा इमारतीवर विटा चढवायचा. मी वही काढून विचारलं, "आपको क्या काम आता है?"

ती हसली. सुनेकडे बघून म्हणाली, "सुण, बाईसा पूछे, काम काईं आवै." मग माझ्याकडे वळली. "जिनावर, बाईसा. और काईं?"

"मेंढ्या देता येणार नाहीत," मी माझ्या हिंदीत सांगितलं. "शहरात कुठे चारणार? पण बकऱ्या देता येतील. चार."

पदर पुढे ओढून तिने बोटांवर काहीतरी मोजलं. चार शेळ्या, त्यांची करडं, पुढच्या वर्षी त्यांची करडं. ते मोजणं तिने मला समजावून सांगितलं, आणि मी ते ऐकलंही. नर विकायचे, माद्या ठेवायच्या. तिसऱ्या पावसापर्यंत लहानसा कळप होईल. कळप झाला की गावी जाता येईल. "बिना जिनावर गाँव जाकर काईं करूँ? बारिश हो भी जाए तो घास कौण खावै, मैं?" सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिला हवं होतं ते इतकंच, कळप आणि गाव. तिने ते पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. मी वहीत लिहिलं, 'शेळीपालन, अनुभवी.'

अर्ज आमच्या घरी भरला. ती व्हरांड्यात फरशीवर बसली, खुर्चीवर बस म्हटलं तर बसेना. मी एकेक रकाना वाचून दाखवला. वय, गाव, माणसं किती, जागा कुठे. सातवा रकाना होता उत्पन्नाचा मार्ग. तिथे मी न विचारता लिहिलं, रोज दूध विक्री. चहाच्या टपऱ्या जवळ होत्या, शेळीचं दूध त्या घेतात हे मला ठाऊक होतं, हिशेब सरळ होता. बाकी दहा रकाने मी वाचून दाखवले, तो एकच नाही. मुद्दाम लपवला असं मुळीच नाही. शेळ्या पाळणारी बाई दूध विकणार, यात विचारायचं काय? 'तू श्वास घेतेस का' असं कुणी विचारतं का? तिने अंगठा उठवला आणि शाईचा अंगठा केसांना पुसला. मी तिला चहा दिला. ती म्हणाली, "बाईसा, भगवान थाने राजी राखै." देव तुम्हाला सुखी ठेवो. चार शेळ्या होळीनंतर तिला मिळाल्या. प्रत्येकीबरोबर दोन-दोन महिन्यांची करडं होती, सगळी मिळून सहा.

दोन महिन्यांनी मी तपासणीला गेले. पालांपाशी जायच्या आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबले, म्हटलं, दूध किती घेतो ते विचारावं, म्हणजे दोन्हीकडचे आकडे पडताळता येतील. टपरीवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "मैडमजी, उस बुढ़िया की तो बात ही मत करो. रोज एक लोटा रख जाती है. मैं पैसे देता हूँ, तो लोटा उठाके चल देती है. कहती है, पीना हो तो पी, मोल मत कर. अब मैं फोकट का दूध डालके चाय बेचूँ? मुझे भी तो ऊपर जाना है! अब उसके पोतों को बिस्कुट दे देता हूँ, और क्या करूँ."

मला हसू आलं नाही. मी तडक पालावर गेले. ती शेळीच्या पायाशी बसून खूर साफ करत होती. करडं छान वाढली होती, मी आणून दिली त्याच्या दुप्पट. पलीकडच्या पालात एक बाळंतीण होती, तिच्याकडे सून पेलाभर दूध घेऊन चालली होती.

"दूध विकत नाही तुम्ही?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

ती चपापली. शिवी ऐकल्यासारखा तिचा चेहरा झाला. "दूध? दूध कोनी बेचां, बाईसा. दूध बेच्यो, जाणै पूत बेच्यो."

दूध विकत नाही. दूध विकलं म्हणजे पोटचा मुलगा विकला, असं त्यांच्यात मानतात. ती मला समजवायला लागली, लहान मुलीला समजवावं तसं. दूध आधी करडाचं. त्याचं पोट भरून उरेल ते घरच्या पोरांचं, पाहुण्याचं, बाळंतिणीचं. मालकाचा हक्क आहे तो लोकरीवर, लेंड्यांच्या खतावर आणि नरांवर. "ईद पर बकरे बिकैंगे. चार नर हैं. साल के हो जाएँगे, अच्छे बिकैंगे. मैं थांसूँ पहलेइज कही."

तिने मला आधीच सांगितलं होतं, हे खरं होतं. मी म्हटलं, "पण अर्जात लिहिलंय, दूध विकणार म्हणून. तुम्ही अंगठा दिलाय."

"मैंने?" ती म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "सुण ले, म्हारो अंगूठो दूध बेचै." ऐक, माझा अंगठा दूध विकतो म्हणे. सून हसली. ती हसली नाही. आणि मला म्हणाली, "तो मिटा दो, बाईसा. थांरो कागद है, थांरी कलम है."

मुलांनो, या एका वाक्यापाशी मी थांबते, कारण माझं काय चुकलं ते इथे आहे. माझाच कागद होता, माझंच पेन होतं. घरी येऊन मी तो रकाना खोडून 'बोकड विक्री, ईदेला' असं लिहिलं असतं, तर कुणालाही कळलं नसतं. पण अंगठा उठवल्यानंतर कागदात फेरफार करायचा नाही, ही माझी शिस्त. ती शिस्त मला तुमच्या पणजोबांनी लावली, कॉलेजने लावली, आजोबांच्या नोकरीने पक्की केली. मी फेरफार केला नाही. तपासणीच्या वहीत लिहिलं, 'दूधविक्री सुरू नाही. लाभार्थीस समज दिली.'

चार महिन्यांनी, गणपतीनंतरच्या आठवड्यात, सहामाही बैठक झाली. त्या वर्षी पाऊसही बरा झाला होता, त्यामुळे सगळ्याजणी खुशीत होत्या. मी अहवाल वाचला. चार बायकांना साधनं दिली होती. तिघींचं ठीक चाललं होतं. एकीने मसाला कुटून विकायला सुरुवात केली होती, एकीची इस्त्रीची गाडी होती, एक भाजी विकायची. चौथीचं नाव आलं, तशी अध्यक्षाबाईंनी चष्मा काढला.

"मतलब, सहा महिन्यांत एक पैसा नाही?"

"ईदेला नर विकणार म्हणते. अजून चार-पाच महिने," मी सांगितलं.

"खाटकाला?" एकजण दचकून म्हणाली. "अगं बाई! दूध विकणं पाप, आणि खाटकाला देणं चालतं?"

मंडळातल्या एका कर्नलच्या पत्नी, आमच्या कर्नलबाई, नागपूरच्या, तोंडाने तिखट आणि मनाने त्या खोलीत सर्वांत चांगल्या. त्या म्हणाल्या, "काहून, तुमच्या घरी परवा मटण नव्हतं का? ते काय झाडाला लागलं होतं?"

"ते सोडा," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "प्रश्न नियमाचा आहे. आणि असल्या अंधश्रद्धांना आपण खतपाणी घालायचं का? शिकलेल्या बायका ना आपण? ही बाई लोटे भरभरून दूध वाटते, आणि तिकडे अमेरिकेत माझ्या मैत्रिणीचा भाऊ विचारतो की उत्पन्न कुठे आहे. मी त्याला काय कळवू, की बाई दानशूर निघाली?"

सगळ्या हसल्या. कर्नलबाई म्हणाल्या, "चार महिने थांबलं तर काय आभाळ कोसळतंय? शेळ्या मेल्या नाहीत, वाढल्यात. तुम्ही सांगा ना वहिनी, तुम्ही पाहिल्यात."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला सांगता आलं असतं, की सातवा रकाना मी वाचून दाखवला नव्हता. ते खरं होतं, आणि तेवढं पुरलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे पंचवीस बायकांसमोर, इतक्या वर्षांच्या चिटणीसपणानंतर, मी अर्ज नीट भरला नाही असं कबूल करायचं. मी म्हटलं, "शेळ्या चांगल्या आहेत. पण शेवटचं कलम स्पष्ट आहे."

हात वर झाले. कर्नलबाईंचा नाही. माझा हात मी अर्धा वर केला, आणि तो पूर्ण धरला गेला.

निघताना दिवेलागण झाली होती. अध्यक्षाबाईंच्या शेजारणीची सून वाटी घेऊन दारात आली होती, विरजण मागायला. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "अगं, आत्ता दिवा लावला. तिन्हीसांजेला दूध-दही घराबाहेर देत नाहीत. सकाळी ये हं." आणि माझ्याकडे बघून हसल्या, कारण माझ्याही घरी हाच नियम होता आणि त्यांना तो ठाऊक होता. कर्नलबाई चप्पल घालत होत्या. त्यांनी मला घरी सोडायचं कबूल केलं होतं, ते त्या विसरल्या. मी सिटी बसने आले.

शेळ्या आणायला मीच गेले. दुसरं कुणी जायला तयार नव्हतं, आणि पोचपावतीवर अंगठा घ्यायचा होता. टेम्पो रस्त्यावर उभा करून मी पालाशी गेले. तिला आदल्या दिवशी निरोप दिला होता. मला वाटलं होतं, ती रडेल, पाया पडेल, आणि तशी उत्तरं मी तयार करून ठेवली होती. तिने शेळ्यांना पहाटेच चारून आणलं होतं. करडांना पोटभर पिऊ दिलं होतं. तिने दोर टेम्पोवाल्याच्या हातात दिले आणि एकेकीचं सांगितलं. ही लाथ मारते, हिला उजवीकडून धर. ही गाभण आहे, हिला उडी मारायला लावू नको. हिचं करडू दुसऱ्याला पिऊ देत नाही. टेम्पोवाला "हाँ माई, हाँ माई" म्हणत होता.

मुलगा कामावर गेला नव्हता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हमने क्या चोरी की, मैडम? एक बकरा बेचा? एक बकरी मारी?"

"नियम आहे," मी म्हटलं.

"कैसा नियम?"

मी पुढे काही बोलण्याआधी त्याची आई म्हणाली, "चुप. वां रो माल है, वै ले जावै." ज्यांचा माल आहे ते नेतात. मग मला म्हणाली, "अंगूठो कठै लगाऊँ?" मी पावती पुढे केली. या वेळी मी सगळी वाचून दाखवली, शब्द न् शब्द. तिने ऐकून घेतलं, आणि अंगठा उठवला.

मी घरी आले आणि तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "कलम होतं, लागू झालं. तुझं काही चुकलं नाही." इतक्या वर्षांच्या संसारात ते माझ्याशी सहमत झाले म्हणून मला राग आला, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मी त्यांच्यासाठी पोळ्या केल्या.

त्या शेळ्या दुसऱ्या वस्तीतल्या बाईला दिल्या. तीही दुष्काळानेच आलेली, पण जनावरांची नव्हे, कुठे तरी शेतमजुरी करणारी. चौथ्या दिवशी मी तिचा फोटो काढला. तोच तुमच्या बाबांनी पाहिला. तिसऱ्या आठवड्यात गेले, तर शेळ्या नव्हत्या. सगळ्या विकल्या होत्या, करडं, गाभण, सगळ्या, एकाच खाटकाला. तिचा नवरा आजारी होता, औषधाला पैसे हवे होते. तिला मी काय बोलणार? तिचंही खोटं नव्हतं. मी घाबरत घाबरत बैठकीत सांगितलं. अध्यक्षाबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "पण उत्पन्न तर झालं ना? अर्जात काय लिहिलंय तिच्या?" मी म्हटलं, तिच्या अर्जात मी 'दूध अथवा पशू विक्री' असं लिहिलं होतं. "मग झालं की. तुम्ही वहिनी, खरंच हुशार." अमेरिकेला अहवाल गेला. चारांपैकी चार यशस्वी. तो माझ्या अक्षरात आहे, आणि त्याची प्रत अजून माझ्या फायलीत आहे. फोटो सर्वांना आवडला. पुढच्या वर्षी त्या भावाने जास्त पैसे पाठवले.

नव्या वर्षाच्या अर्जासाठी मी रकाने बदलले. शेवटचं कलम काढून टाकलं, उत्पन्न दाखवायची मुदत दीड वर्षाची केली. सातव्या रकान्यात आधी अर्जदाराचे शब्द लिहायचे आणि मग ते तिला वाचून दाखवायचे, असं ठरवलं. यासाठी मी बैठकीत भांडले, आणि कर्नलबाईंनी मला साथ दिली. सगळं मंजूर झालं तेव्हा मला वाटलं, आता पहिला अर्ज तिचा. मी पालांवर गेले. तिथे दोन घरांचे पाये खणले होते आणि पालं उठली होती.

टपरीवाल्याने सांगितलं, दिवाळी होताच ती माणसं शहराबाहेरच्या वीटभट्टीवर गेली. मुकादमाकडून उचल घेतली आहे. पावसाळ्यापर्यंत सुटका नाही. त्याने मला रस्ता नीट समजावून सांगितला, आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "भेटलात तर सांगा, लोटा माझ्याकडे आहे. तिचा पितळी लोटा." मी तो घेतला नाही. मला तो तिच्याकडे नेता आला नसता.

भट्टीवर मी माघात गेले. सपाट, लाल, धुरकट जागा. रांगेने विटांच्या झोपड्या, कमरेइतक्या उंच. सून डोक्यावर विटा घेऊन चालली होती. मला तिने ओळखलं, पण ती थांबली नाही. मजुरीचा हिशेब फेऱ्यांवर होता. तिने हनुवटीनेच झोपडी दाखवली.

ती बाहेर चिखल थापत बसली होती. साच्यात चिखल भरायचा, सपाट करायचा, उलटा करायचा. मला बघून ती उठली, हात पदराला पुसले, आणि एक पालथी बादली माझ्यापुढे ठेवली. "बैठो, बाईसा. इत्ती दूर आया."

मी बसले. नवे कागद काढले. तिला सगळं सांगितलं, कलम काढलं आहे, मुदत वाढवली आहे, दूध विकायचं नाही असं मी स्वतः लिहीन. ती ऐकत होती. चहा करायला हवा, असं ती दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा बसून राहिली. मग माझ्या लक्षात आलं, की दूध नसणार.

"कागद रैण दो," ती शेवटी म्हणाली. कागद राहू दे. "मुकादमाचं फिटलं नाही, तोवर इथून जाता येत नाही. आणि ते काही तुमचा कागद फेडत नाही."

ते खरं होतं. कुणाची उचल फेडायला मंडळ पैसे देत नव्हतं. तो नियम माझा नव्हता, पण तो बदलायचं मला सुचलं नव्हतं.

"फिटल्यावर?" मी विचारलं.

तिने साचा उचलला, पुन्हा ठेवला. मग विचारलं, "बकरियाँ कैसी हैं?"

मी आयुष्यात लेखी किंवा तोंडी खोटं बोलत नाही, असं मी तुमच्या बाबांना लहानपणी सांगायची. माझ्या मांडीवर कागदांची फाइल होती. त्यातल्या अहवालात त्या शेळ्यांचं काय झालं ते तारखेसह लिहिलेलं होतं.

"छान आहेत," मी म्हटलं. "अच्छी हैं."

"ब्याई?" गाभण होती ती व्याली का, असं.

"हाँ. दो बच्चे."

"मादी?"

"एक मादी, एक नर."

तिचा चेहरा उजळला. तिने सुनेला हाक मारली, लांबून, विटांच्या रांगेपलीकडे, मोठ्याने, की गाभण होती ती व्याली, दोन झाली, एक मादी. सुनेने डोक्यावरच्या विटा सांभाळत मान वळवली. तिने माझ्याकडे बघितलं. ती हसली नाही. टपरीवाल्याकडून असेल, किंवा आणखी कुठून, शेळ्या खाटकाकडे गेल्याचं सुनेला ठाऊक होतं हे मला त्या एका नजरेत कळलं. पण ती सासूला काही बोलली नाही. मान सरळ केली आणि पुढे गेली.

म्हातारी मात्र मला सांगत होती, नुकत्या जन्मलेल्या मादी करडाला थंडी सोसत नाही, नव्या मालकिणीला म्हणावं रात्री पोतं घाल. मी म्हटलं, सांगते. तिने विचारलं, आठवणीने सांगाल ना? मी म्हटलं, लिहूनच घेते. आणि तिच्यासमोर वही काढून, चांगल्या अक्षरात, मी ते लिहून घेतलं.